काढलेलं वावर स्क्रीनवर नीट बसत नाही : नकाशा, बाउंड्स आणि बाकी भानगडी

धुरेकरी (दारव्हा, यवतमाळ)

मंडळी, एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी अँड्रॉइड ॲप करतोय. गावातले प्रतिनिधी धुऱ्याधुऱ्याने (बांधाबांधाने) चालत जीपीएसने, नाहीतर सॅटेलाइट नकाशावर बोटाने टिपके देत वावराची हद्द काढतात आणि ती साठवली जाते. पुढे यादीत शेतकऱ्याच्या नावावर टिचकी मारली की ते वावर स्क्रीनभर दिसावं, एवढीच अपेक्षा आहे. कोटलिन भाषा आणि गुगल मॅप्सचा एसडीके (ॲपात नकाशा बसवायची तयार साधनं) वापरतोय.

पॉलिगॉनचे (काढलेल्या हद्दीचे) सगळे बिंदू बिल्डरमध्ये इन्क्लुड करतो, बाउंड्स (सगळे बिंदू मावतील असा चौकोन) बनवतो, न्यूलॅटलंगबाउंड्सला देतो, कॅमेरा (म्हणजे नकाशाचा दिसणारा भाग) हलवतो. सगळे सांगतात तसंच. पण हे ऑनमॅपरेडीमध्ये लिहिलं की काही फोनवर ॲप कोसळतं. नकाशाचा आकार शून्य आहे, लेआउट अजून झालेला दिसत नाही, अशा अर्थाचा संदेश येतो. मग सगळीकडे सुचवतात तो उपाय केला, सगळं ऑनमॅपलोडेड कॉलबॅकमध्ये (ठरावीक गोष्ट झाली की आपोआप चालणाऱ्या कोडात) हलवलं. दारव्ह्यात ऑफिसात एकदम झकास. गावात गेलं की नकाशा जगाचा जगच राहतो, वावराकडे जातच नाही. एररही येत नाही.

शिवाय खालून माहितीची शीट वर येते (नाव, गट नंबर, पीक, पेरणीची तारीख), तिच्याखाली अर्धं वावर दडतं.

खरिपाची नोंदणी सुरू व्हायच्या आत निस्तरायचं आहे. कोणाला अनुभव?

संत्राबाग (वरुड)

पॅडिंग (कडेची मोकळी जागा) वाढवा न भाऊ. झालं.

कोडोबा (अकोला)

पॅडिंग नंतर बघू. आधी हे कोसळणं.

वावर स्क्रीनवर बसवायचं म्हणजे झूम ठरवायचा, आणि त्यासाठी दोन मापं लागतात : वावर जमिनीवर केवढं आणि नकाशाची खिडकी पिक्सेलमध्ये केवढी. ऑनमॅपरेडीचा अर्थ नकाशाचा ऑब्जेक्ट हातात आला, इतकाच. तेव्हा त्या खिडकीची लांबी-रुंदी ठरलेली असेलच असं नाही. नव्या वेगवान फोनवर बहुतेकदा ठरलेली असते, म्हणून ऑफिसातल्या फोनवर चूक दिसत नाही. गावातल्या जुन्या फोनवर पटकन दिसते.

ऑनमॅपलोडेडची गोष्ट वेगळी. दिसणाऱ्या भागाच्या सगळ्या टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) उतरल्या, नावं-खुणा मांडून झाल्या, की मग तो कॉलबॅक येतो. कनेक्शनच्या अडचणीमुळे नकाशा लोडच झाला नाही तर तो येणारच नाही, हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, पण तिथवर वाचतो कोण. तुमच्या गावात टाइल उतरत नाही, म्हणून कॉलबॅक नाही, म्हणून कॅमेरा जागचा हलत नाही. शहरात बसून दिलेला उपाय आहे तो.

तुम्हाला टाइल्सशी देणंघेणं नाही, फक्त खिडकीचं माप पाहिजे. तेव्हा नकाशाच्या व्ह्यूवर डूऑनलेआउट लावा आणि त्याच्या आत कॅमेरा हलवा. लेआउट आधीच झाला असेल तर ते लगेच चालतं, नसेल तर झाल्यावर. दुसरा रस्ता असा की न्यूलॅटलंगबाउंड्सचंच दुसरं रूप आहे, त्यात रुंदी आणि उंची आपणच पिक्सेलमध्ये देतो. ते लेआउटच्या आधीही चालतं. मला पहिला आवडतो, कारण दुसऱ्यात माप आपल्याला अंदाजाने द्यावं लागतं आणि टूलबार, शीट वगैरे आलं की अंदाज हुकतो.

आणि बिल्डरमध्ये एकही बिंदू नसताना बिल्ड केलं तर तिथंही एक्सेप्शन येतो, म्हणजे ॲप कोसळतं. हद्द न काढता नुसतं नाव टाकलेले शेतकरी यादीत असतीलच, त्यांची सोय आधीच करून ठेवा.

धुरेकरी

डूऑनलेआउट लावलं. फोन फ्लाइट मोडवर टाकून पाहिलं, कॅमेरा बरोबर जागेवर जातो. मागे नकाशा नाही, नुसता करडा पडदा आणि त्यावर हिरवा चौकोन, पण जातो. कोडोबा भाऊ, लय धन्यवाद.

आता शीटचं सांगा. संत्राबाग भाऊ, पॅडिंग वाढवून पाहिलं तर वावर चारही बाजूंनी लहान होतं आणि शीटखाली तरी थोडं राहतंच.

कोडोबा (अकोला)

कारण ते पॅडिंग चारही बाजूंना सारखं असतं. शीटसाठी नकाशाच्या ऑब्जेक्टवर सेटपॅडिंग आहे, त्यात डावी, वरची, उजवी, खालची अशी चार वेगळी मापं देता येतात. खालचं माप शीटच्या उंचीएवढं द्या, मग बाउंड्सचा हिशेब उरलेल्या जागेपुरता होतो. झूमची बटणं आणि गुगलचा लोगोही शीटच्या वर सरकतात. लोगो झाकायचा नसतो, ती अटच आहे.

दोन्हीकडची मापं पिक्सेलमध्ये असतात, डीपीमध्ये (स्क्रीनच्या घनतेवर न अवलंबणाऱ्या मापात) नाहीत. १०० लिहिलं तर दुप्पट घनतेच्या फोनवर ते ५० डीपी होतं आणि तिप्पट घनतेच्या फोनवर जेमतेम ३३. घनतेने गुणूनच द्या. आणि शीट पूर्ण वर ओढलेली असताना हिशेब केलात तर पॅडिंग वजा जाता जागाच उरत नाही, आणि तिथंही एक्सेप्शन ठेवलेलाच आहे.

संत्राबाग (वरुड)

मी फ्लटरवाला (ॲप बनवायची गुगलची दुसरी साधनं). आमच्या गुगल मॅप्स प्लगिनमंधी बिल्डर-फिल्डर काई नाई. नैर्ऋत्य कोपरा आन ईशान्य कोपरा हातानं काढून द्या लागते. आमच्या एका पोरानं काय केलं, पॉलिगॉनचा पहिला बिंदू नैर्ऋत्य आन तिसरा ईशान्य धरला. चौकोनी बागेत चाललं बी! मंग एक जण नाल्याकडून फिरत आला, तेचा पहिला बिंदू वरचा निघाला. डीबगमंधी (चाचणीच्या आवृत्तीमंधी) असर्ट, म्हणजे कोडातली तपासणी, वाजला. रिलीजमंधी असर्ट बंद असते, तं तिथं नुसताच भलतीकडे गेला नकाशा.

सगळ्या बिंदूंतला सगळ्यात लहान अक्षांश, लहान रेखांश हा एक कोपरा. सगळ्यात मोठे दोन्ही हा दुसरा. इतकंच हाये. ज्यायले हे बी नको तेयनं फ्लटर मॅप नावाचं पॅकेज घ्यावं, तेच्यात कॅमेराफिट म्हणून हाये, बिंदूंची यादी द्या न मोकळे व्हा. सुरुवातीचाच फिट देता येते.

मोजणीकाका (पुसद)

तुमच्या कोडातलं मला काही कळत नाही. भूमी अभिलेखात भूकरमापक होतो, आता निवृत्त. चिरंजीवांनी हा धागा दाखवला, वाचला, आणि एक प्रश्न पडला.

वावर स्क्रीनभर बसवून ते ओळखणार कोण?

आम्ही मोजणीला गेलो की अर्जदाराचा गट नंबर आधी पाहायचो खरा, पण जागेवर उभं राहिलं की पहिलं काम लगतच्यांचं. उत्तरेला कोणाचं, दक्षिणेला नाला की पांदण, विहीर कोणत्या कोपऱ्यात. खरेदीखतात क्षेत्राबरोबर चतुःसीमा लिहितात त्या उगाच नाही. उन्हाळ्यात नांगरून ठेवलेलं काळं रान वरून पाहा, आमच्या भागातलं कोणतंही वावर कोणत्याही वावरासारखं दिसतं. तुम्ही त्या शेतकऱ्याला काळा चौकोन दाखवणार आणि विचारणार, हेच का तुमचं? तो बिचारा हो म्हणेल. पुढ्यात फोन धरलेला पोरगा सांगतोय म्हटल्यावर हो म्हणतात लोक.

शेजाऱ्याचे धुरे, पांदण, एखादं निंबाचं झाड दिसू द्या. मग तो स्वतःच सांगेल की हद्द बरोबर काढली की शेजाऱ्याच्या दोन ओळी घेतल्या.

बांधीवाली (ब्रह्मपुरी)

काका, अगदी खरं! आमच्याकडे धानाच्या बांध्या. एकाला लागून एक, सगळ्या सारख्या. एकच बांधी स्क्रीनभर दाखवली की बायका विचारतात, ही कोणती? मालगुजारी तलावाचा कोपरा दिसला की लगेच बोट ठेवतात.

कोडोबा (अकोला)

काका, तुमच्या म्हणण्यात या धाग्याचं अर्धं उत्तर आहे. मी आत्तापर्यंत पिक्सेलमध्येच बोलत होतो. शेजार दाखवायचा तर मोकळी जागा मीटरमध्ये सोडायला हवी, पिक्सेलमध्ये नाही. कसं ते आकड्यात मांडतो.

विषुववृत्तावर झूम शून्यला एक पिक्सेल म्हणजे १,५६,५४३ मीटर. झूम एकाने वाढला की निम्मे होतात. आपल्याकडे साधारण २०.५ अंश अक्षांश, म्हणून त्याला कोसाइनने, म्हणजे ०.९३७ ने गुणायचं. झूम १७ ला एक पिक्सेल जमिनीवर साधारण १.१२ मीटर येतो, १८ ला ५६ सेंटिमीटर. (गुगलच्या एसडीकेत हे पिक्सेल डीपी समजा.)

आता एक हेक्टरचं चौरस वावर घ्या, १०० बाय १००. फोन ३६० डीपी रुंद, दोन्हीकडे ४० डीपी पॅडिंग, उरले २८०. झूम येतो १८.६५ च्या आसपास. वावराच्या बाहेर कडेला दिसतात फक्त चौदा-पंधरा मीटर. वीस गुंठ्यांचा तुकडा असेल, ४५ बाय ४५ चा, तर झूम २० ला टेकतो आणि बाहेरचं दिसतं सहा-सात मीटर, म्हणजे शेजाऱ्याचा धुरासुद्धा पुरता नाही. वावर जितकं लहान तितका शेजार कमी, आणि लहान वावरांतच ओळखायची पंचाईत जास्त. पिक्सेलचं पॅडिंग नेमकं उलटं काम करतं.

म्हणून बाउंड्स बनवल्यावर ते आधी चारही बाजूंना ४० मीटर फुगवा. आपल्या अक्षांशावर ४० मीटर म्हणजे अक्षांशात ०.०००३६ अंश आणि रेखांशात ०.०००३८. विदर्भापुरते हे स्थिर धरले तरी बिघडत नाही. मग पिक्सेलचं पॅडिंग नावापुरतं २० डीपी ठेवा. हेक्टरचं वावर झूम १८ वर येतं, वीस गुंठ्यांचं साडेअठरावर, आणि दोन्हींत पांदण दिसते.

धुरेकरी

हे करून प्रतिनिधींना दाखवलं. एक जण म्हणाला, आता दिसते वावर, आधी दिसे माती.

काका, तुमचं नाव ॲपच्या आभारात टाकतो.

मोजणीकाका (पुसद)

नाव नको. अक्षरं मोठी करा, चष्म्याशिवाय गट नंबर वाचता येत नाही.

बांधीवाली (ब्रह्मपुरी)

मीटरच्या समासाने माझीही एक अडचण सुटेल बहुतेक. आमचं वेबव्ह्यूमध्ये (ॲपातल्या वेबपानात) लीफलेट ही नकाशाची लायब्ररी आहे, मागे ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल्स. लहान बांधीवर फिटबाउंड्स केलं की नकाशा इतका आत शिरायचा की टाइलच नाही, सगळं करडं. त्या टाइल्स १९ झूमपर्यंतच आहेत. मी फिटबाउंड्सला मॅक्सझूम १८ दिला होता, त्याने भागतंय.

ज्यांनी एकच बिंदू टिपलाय (विहीर, मोटारपंप) त्यांच्यासाठी तर हा मॅक्सझूम लागतोच. शून्य आकाराच्या चौकोनात कितीही आत गेलं तरी तो मावतच राहतो.

आणखी एक. लीफलेटचा नकाशा टॅबमध्ये लपलेला असेल आणि टॅब उघडल्यावर फिट केलं तर वरच्या कोपऱ्यात चिकटून बसतो. आधी इनव्हॅलिडेटसाइज, मग फिटबाउंड्स. धुरेकरी दादांच्या शून्य आकाराच्या घोळाचाच भाऊ आहे तो. आणि लीफलेट मुळात पूर्णांक झूमच घेतं, १८.६५ आलं तरी १८ वरच थांबतं. झूमस्नॅप बदलून अर्ध्या-पावावर आणता येतं, पण टाइल्स थोड्या धूसर दिसतात. आम्ही तसंच ठेवलं.

पहाडवाट (धानोरा, गडचिरोली)

आमचं उलट दुखणं. आम्ही सामूहिक वनहक्काच्या हद्दी टिपतो. मेंढा-लेखा गावाचंच घ्या, सुमारे १८०० हेक्टर. एवढं मोठं क्षेत्र फोनवर बसवलं की झूम साडेतेराच्या घरात जातो आणि हद्दीचा कोणता दगड कुठं ते काहीच कळत नाही. काही गावांचं क्षेत्र तर दोन-तीन तुटक तुकड्यांत आहे, मधे दुसऱ्या गावाचं जंगल. सगळे तुकडे एका बाउंड्समध्ये घेतले की पडद्यावर तीन ठिपके.

आम्ही असं केलं : उघडताना सगळं क्षेत्र एकदा दाखवतो, म्हणजे गाव ओळखू येतं. खाली तुकड्यांच्या चिठ्ठ्या, चिठ्ठीवर बोट ठेवलं की त्या तुकड्यापुरतं फिट. त्याच्या आत हद्दीच्या खुणा, त्यांच्यावर पुन्हा टिचकी. पॉलिगॉनच्या आतल्या भोकांचे (गावठाण, तलाव) बिंदू बाउंड्समध्ये घ्यायची गरज नाही, बाहेरची कडा घेतली की आतलं आलंच.

तुमच्या शेतकऱ्यांतही असतील असे. एक वावर या शिवारात, दुसरं सासुरवाडीला.

धुरेकरी

आहेत ना! एकाचं दारव्ह्यात आणि दुसरं दिग्रसकडे. दोन्ही एकत्र दाखवली की मधला सगळा तालुका दिसतो, वावरं दिसतच नाहीत. चिठ्ठ्यांची कल्पना घेतो.

तेवढ्यात दुसरी गंमत. काल एका शेतकऱ्याचं वावर उघडलं तर आफ्रिकेपासून यवतमाळपर्यंत सगळं दिसलं. सर्व्हरवरून येणाऱ्या दुसऱ्या एकाचं तर थेट उत्तर ध्रुवाकडे.

कोडोबा (अकोला)

पहिल्यात एखादा बिंदू शून्य-शून्य असणार. जीपीएसला जागा सापडायच्या आत कोणीतरी टिपका दिला आणि कोडाने रिकाम्या जागी शून्य भरलं. शून्य अक्षांश, शून्य रेखांश म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीचं आखात. एकच असा बिंदू आला तरी बाउंड्स तिथपर्यंत ताणले जातात. शून्यवाले बिंदू साठवूच नका. जीपीएसचा प्रत्येक बिंदू आपली अचूकताही सांगतो, ती वीस मीटरपेक्षा वाईट असेल तर तो टाकून द्या.

उत्तर ध्रुवाचं तर नक्की जिओजेसन (नकाशाची माहिती पाठवायचा फॉरमॅट). त्यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर असतो, २०१६ च्या आरएफसी ७९४६ या मानकात तसं ठरलेलंच आहे. गुगलच्या लॅटलंगमध्ये अक्षांश आधी. आपल्याकडचे २०.९ आणि ७७.७ उलटे झाले की नकाशा स्वालबार्ड बेटांपाशी उघडतो. विदर्भात चूक लगेच पकडली जाते ती म्हणूनच, जिथं दोन्ही आकडे जवळपास सारखे असतात तिथल्या लोकांचं काय होत असेल.

संत्राबाग (वरुड)

स्वालबार्डला संत्रा होते का पाहा लागन.

खारपाण (दर्यापूर)

माझा प्रश्न इथंच विचारतो, वेगळा धागा नको. आमच्या खारपाणपट्ट्यात वाटण्या होऊन होऊन वावरांच्या पट्ट्या झाल्यात. चार भाऊ, चार पट्ट्या, प्रत्येकाला रस्ता पाहिजे म्हणून सगळ्या लांबट. ४०० मीटर लांब आणि २५ रुंद, क्षेत्र तेच एक हेक्टर. पट्टी उत्तर-दक्षिण असली तर उभ्या फोनवर मस्त बसते. पूर्व-पश्चिम असली की लांबी २८० डीपीमध्ये बसवताना झूम १६.६५ होतो आणि पट्टीची जाडी उरते साडेसतरा डीपी. बोट ठेवलं तरी शेजारच्या भावाच्या पट्टीत जातं.

फोन आडवा धरा म्हणू नका. उन्हात एका हातात छत्री, एका हातात फोन असतो.

कोडोबा (अकोला)

इथं चाळीस मीटर वगैरे काही चालत नाही, कारण अडचण आकाराची आहे. नकाशा फिरवावा लागेल.

न्यूलॅटलंगबाउंड्सने फिरवता येत नाही. ते बेअरिंग (नकाशा उत्तरेपासून किती अंश फिरवला ते) आणि झुकाव दोन्ही शून्य करूनच कॅमेरा देतं. म्हणून हिशेब आपण करायचा. पॉलिगॉनची सर्वांत लांब बाजू घ्या, ती उत्तरेशी किती अंशांत आहे ते काढा, तेच बेअरिंग. बिंदू तेवढ्या कोनात फिरवून लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजा. मग वरचं सूत्र उलटं : १,५६,५४३ गुणिले कोसाइन गुणिले स्क्रीनचे डीपी, भागिले मीटर, आणि त्याचा दोनच्या पायाचा लॉगॅरिदम. रुंदीसाठी एक झूम, उंचीसाठी एक, दोन्हींतला लहान घ्यायचा. मध्य, झूम आणि बेअरिंग मिळून कॅमेरा पोझिशन बनवा.

बोटाने काढलेल्या हद्दीत बिंदू फार जवळजवळ असतात, तिथं लांब बाजू खोटी निघते. आधी डग्लस-प्यूकर पद्धतीने बिंदू कमी करा, गुगलच्या अँड्रॉइड युटिलिटी लायब्ररीत पॉलीयुटिलमध्ये सिम्प्लिफाय तयार आहे. लांब बाजूचा कोन नव्वदच्या पुढे गेला तर उलटी दिशा घ्या, म्हणजे नकाशा उलटापालटा होणार नाही.

मोजणीकाका (पुसद)

याला माझा विरोध. नकाशा उत्तर वर ठेवूनच वाचायचा असतो. आमच्या टिपणावर, क प्रतीवर (मोजणीच्या नकाशावर), गाव नकाशावर उत्तरेची खूण पहिली. शेतकरी सुद्धा उगवतीचा धुरा, मावळतीचा धुरा असंच बोलतो. तुम्ही नकाशा फिरवला की उगवतीचा धुरा त्याला पायाशी दिसणार. हद्दीच्या भांडणात हा घोळ किती महागात पडतो ते मी पाहिलंय.

खारपाण (दर्यापूर)

काका, तुमची क प्रत टेबलभर असते. आमचा फोन तळहाताएवढा.

पहाडवाट (धानोरा, गडचिरोली)

दोघांचं मिळून करा ना. उघडेल तेव्हा उत्तर वर. कोपऱ्यात एक फिरवायचं बटण, पाहिजे त्याने दाबावं. नकाशा फिरला की गुगलचं होकायंत्र आपोआप कोपऱ्यात येतं, त्यावर टिचकी मारली की पुन्हा उत्तर वर. फक्त वरच्या पट्टीखाली ते दडणार नाही एवढं सेटपॅडिंगमध्ये बघा.

खारपाण (दर्यापूर)

हे जमेल.

बांधीवाली (ब्रह्मपुरी)

धुरेकरी दादा, एक सांगायचं राहिलं. फिट कधी करायचं तेही ठरवा. आमच्याकडे आधी प्रत्येक नवीन बिंदूला फिट व्हायचं. मुलगी धुऱ्यावर चालतेय आणि दर पाच पावलांना नकाशा हिसका देतो. तिने हाताने नकाशा सरकवून पुढचा कोपरा बघायला घेतला की हा परत मागे ओढायचा. आता चालताना नकाशा फक्त तिच्या जागेमागे जातो, हद्द बंद झाली की एकदाच फिट होतं. फोन आडवा झाला, स्क्रीन पुन्हा बनली, तरी माणसाने लावलेला कॅमेरा तसाच ठेवतो. परत वावर पाहिजे असेल तर बटण आहे.

धुरेकरी

ताई, हे आमच्याकडेही होतंय, कॉम्पोजमध्ये (अँड्रॉइडची स्क्रीन बनवायची पद्धत) स्टेट बदललं की फिट पुन्हा चालतं. आजच बंद करतो. बोटाने हद्द काढताना नकाशाचं सरकणं मात्र बंदच ठेवतोय, नाहीतर रेघ ओढायला गेलं की नकाशाच पळतो.

सगळ्यांचं एकत्र करून नवीन आवृत्ती प्रतिनिधींना दिली आहे. शीटमध्ये आता क्षेत्रही दाखवतोय, युटिलिटी लायब्ररीतलं कॉम्प्यूटएरिया वापरून, हेक्टर-आरमध्ये. शेजारी सातबाऱ्यावरचं क्षेत्र. लोकांना तुलना करता येईल.

मोजणीकाका (पुसद)

अरे बाबा, ते काढ आधी.

तुमच्या फोनच्या जीपीएसची अचूकता मोकळ्या आकाशाखाली किती? पाच मीटर धरू. दर्यापूरकरांची पट्टी २५ मीटर रुंद. एक बाजू पाच मीटर सरकली तर क्षेत्रात पाचव्या हिश्श्याचा फरक, हेक्टरमागे वीस आर. म्हणजे अर्धा एकर! तुमच्या ॲपने एका भावाला ऐंशी आर आणि दुसऱ्याला एकशेवीस आर दाखवले की दुसऱ्या दिवशी दोघं तहसीलला, आणि तिथून मोजणीचा अर्ज. रोव्हर (मोजणीचं अचूक यंत्र) घेऊन जाणाऱ्या माणसाला ते निस्तरताना नाकी नऊ येतात.

खारपाण (दर्यापूर)

काकांच्या या म्हणण्याला माझा शंभर टक्के पाठिंबा. आमच्या घरातच हे रामायण झालंय, तेही ॲप नसताना.

धुरेकरी

काढलं. शीटमध्ये फक्त सातबाऱ्याचं क्षेत्र राहील. काढलेल्या हद्दीचं क्षेत्र आतल्या आत तपासतो, फरक एक चतुर्थांशाच्या पुढे गेला तर प्रतिनिधीला पुन्हा धुऱ्यावर पाठवायचं, शेतकऱ्याला आकडा नाही.

काका, गट नंबरची अक्षरं मोठी केली आहेत.

मोजणीकाका (पुसद)

पाहिली. पिकाचं नाव अजून बारीक आहे.